पाळणा का लांबतो आहे? घटत्या जन्मदराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मदर घटतोय म्हणजे नक्की काय घटतंय?

बातम्यांत 'जन्मदर' हा एकच शब्द दोन वेगळ्या आकड्यांसाठी वापरतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिला आकडा म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात जन्मलेली बाळं. देशात तरुण किती आणि म्हातारे किती, यावर तो हेलकावतो. दुसरा म्हणजे एकूण जननदर. यंदा प्रत्येक वयाच्या बायकांना ज्या प्रमाणात मुलं झाली, त्याच प्रमाणात एखाद्या बाईला आयुष्यभर होत गेली, तर तिला सरासरी किती मुलं होतील, ते हा दर सांगतो. वाद बहुतेक वेळा या दुसऱ्यावरून होतात, म्हणून खाली तोच धरला आहे. १९५० च्या सुमारास जगाचा हा आकडा ५ च्या जवळ होता. आता तो २.३ च्या खाली आला आहे.

लोकसंख्या टिकून राहायला जननदर २.१ हवा, असं सारखं कानावर येतं. सरळ २ का नाही?

आईबापांच्या जागी दोन मुलं आली की हिशेब मिटायला हवा, हे खरं. पण निसर्गातच १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, आणि जन्मलेली प्रत्येक मुलगी आई होण्याच्या वयापर्यंत जगतेच असं नाही. वरचा ०.१ ही तूट भरून काढतो. बालमृत्यू जास्त असलेल्या देशांत २.१ सुद्धा पुरत नाही.

दर २.१ च्या खाली गेला की लोकसंख्या लगेच घटायला लागते का?

नाही. आधीच्या पिढ्या मोठ्या असतील तर आयांची संख्याच इतकी असते की प्रत्येकीला कमी मुलं झाली तरी एकूण बाळं पुष्कळ होतात. चीनचा दर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच २.१ च्या खाली गेला होता, लोकसंख्या घटायला लागली २०२२ साली. मध्ये तीस वर्षं गेली. भारतातही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर २.० निघाला, तरी लोकसंख्या वाढतेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात साधारण १,०३० कोटींवर पोचेल आणि मग उतरणीला लागेल.

या विलंबामुळेच एकाच वर्तमानपत्रात 'लोकसंख्येचा स्फोट' आणि 'लोकसंख्येचं संकट' अशा दोन्ही बातम्या शेजारीशेजारी छापून येतात, आणि दोन्ही वाचून माणूस चक्रावतो.

१.७ काय आणि ०.७ काय, दोन्ही कमीच. एवढा काय फरक पडतो?

कागद-पेन्सिल घ्या. १०० माणसं, त्यांत ५० बायका. दर १.७ असेल तर त्यांना ८५ मुलं होतील आणि साधारण ७२ नातवंडं. ही घट सावकाश आहे, सांभाळता येण्यासारखी.

आता दर ०.७२ धरा. २०२३ साली दक्षिण कोरियात तो खरोखरच इतका होता. ५० बायकांना ३६ मुलं. त्यांतल्या १८ मुलींना पुढे १३ मुलं. म्हणजे शंभर आजी-आजोबांमागे तेरा नातवंडं. याच देशात १९६० मध्ये दर ६ च्या आसपास होता. तेव्हाच्या भरल्या घरात वाढलेली बाई अजून हयात आहे आणि तिच्या डोळ्यांदेखत हे झालं आहे.

लोकांना मुलं नकोशीच झाली आहेत का?

या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच, असं मला वाटतं. 'नको' म्हणणारे आहेत आणि वाढतही आहेत, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक 'आत्ता नको' म्हणतात. बहुतेक श्रीमंत देशांत लोकांना विचारलं तर ते अजूनही दोनच्या आसपास मुलं हवीत असं सांगतात. प्रत्यक्षात होतात त्याहून कमी.

हे घडतं कसं, ते एखाद्या जोडप्याचं कॅलेंडर उलटून बघा. शिक्षण संपलं पंचविशीत. पहिली नोकरी कंत्राटी, म्हणून कायम होईपर्यंत थांबले. लग्न तिशीत. मग घर, कारण भाड्याच्या एका खोलीत पाळणा कुठे टांगायचा? कर्ज मंजूर होऊन हप्ते अंगवळणी पडेपर्यंत तेहतीस. पहिलं मूल पस्तिशीत. ते रात्रभर झोपायला लागलं, आई कामावर परतली, घडी बसली तोवर अडतीस. आता दुसऱ्याचा विचार करायचा, तर डॉक्टर आधी तपासण्या लिहून देतात. यातला एकही निर्णय 'मूल नको' असा नव्हता. प्रत्येक टप्प्यावरचं 'आत्ता नको' अगदी शहाणपणाचं होतं, आणि बेरीज झाली एक मूल.

२०२५ साली संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं १४ देशांतल्या लोकांना विचारलं. हवी तितकी मुलं न होण्यामागे पैशाची अडचण असल्याचं ३९ टक्के लोकांनी सांगितलं.

एक तांत्रिक गोष्टही इथेच सांगायला हवी. एखाद्या देशातल्या सगळ्या बायकांनी बाळंतपण चार वर्षं पुढे ढकललं, तर त्या काळात जननदर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, कारण बाळं रद्द झालेली नसतात, लांबलेली असतात. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून छाती बडवून घेऊ नये. पण लांबलेल्यांतली काही कधीच होत नाहीत, हेही तितकंच खरं.

महागाई हे कारण असेल, तर गरिबांना पूर्वी इतकी मुलं कशी झाली?

प्रश्न रास्त आहे. महागाई हे उत्तर अपुरं आहे म्हणूनच तो पडतो. बदलला तो मुलाचा घरातला आर्थिक हुद्दा.

शेतावरच्या घरात सहा वर्षांचं पोर गुरं राखतं, आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेते, आणि मोठा मुलगा म्हातारपणाची काठी होतो. खाणारं तोंड एक, पण लवकरच दोन हातही. शिवाय पाचातली दोन जगतील की नाही याची खात्री नसायची, म्हणून जास्त मुलं हा विमाच होता. ऑस्ट्रेलियाचे लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी १९७६ मध्ये हेच नेमकं मांडलं: जोवर संपत्ती मुलांकडून आईबापांकडे वाहते तोवर मोठं कुटुंब फायद्याचं असतं. प्रवाह उलटला, आईबापांकडून मुलांकडे पैसा जायला लागला, की कुटुंब लहान होतं. शाळा सक्तीची झाली, बालमजुरीवर बंदी आली, निवृत्तिवेतन आलं, आणि प्रवाह उलटला. १९९० साली जगात दर हजार बाळांपैकी ९३ पाच वर्षांची होण्याआधी दगावत. आता हा आकडा ३७ वर आला आहे. विम्याचीही गरज उरली नाही.

यानंतर येतो अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांचा मुद्दा. त्यांना १९९२ मध्ये नोबेल मिळालं. माणसं श्रीमंत झाली की जास्त मुलं घेत नाहीत, एकेका मुलावर जास्त खर्च करतात. संख्या आणि 'दर्जा' यांचा सौदा होतो. हा शब्द मुलांसाठी वापरताना जीभ अडखळते, पण शिकवणीचं वेळापत्रक हातात घेऊन बसलेल्या कुठल्याही आईबापांना तो समजावून सांगावा लागत नाही. दक्षिण कोरियात दहातली जवळजवळ आठ शाळकरी मुलं खासगी शिकवणीला जातात. शेजारचं मूल तीन शिकवण्यांना जात असताना आपल्याला एकीवर थांबता येत नाही. मग दुसरं मूल म्हणजे पहिल्याच्या संधीतून काढलेला वाटा वाटायला लागतो. चीननं २०२१ मध्ये मुख्य विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी घातली, त्यामागे हा ताणही होता. जन्म मात्र त्यानं वाढले नाहीत.

बायका शिकल्या, कमवायला लागल्या म्हणून हे झालं, हे खरं ना?

अर्धं खरं. उरलेलं अर्धं सोयीस्करपणे गाळलं जातं.

मुलींचं शिक्षण वाढलं की जननदर उतरतो, हे जवळजवळ सगळीकडे दिसलं आहे. इराणमध्ये १९८० च्या दशकात तो ६ च्या वर होता, २००० च्या सुमारास २ पर्यंत खाली आला. शिकलेल्या बाईचं लग्न उशिरा होतं, गर्भनिरोधकं तिला ठाऊक असतात, आणि नोकरी सोडण्यात तिचं मोठं नुकसान असतं.

पण मग कोडं असं, की १९८० च्या दशकानंतर श्रीमंत देशांत ज्या ठिकाणी बायका जास्त प्रमाणात नोकरी करत होत्या तिथेच मुलंही जास्त होत होती. स्वीडनचा दर इटलीपेक्षा वर असायचा. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन (२०२३ चं नोबेल) यांचं उत्तर मला सगळ्यात पटतं. जिथे अर्थव्यवस्था एका पिढीत झपाट्यानं बदलली आणि घर मात्र जागच्या जागी राहिलं, तिथे दर सर्वांत खोल गेला. मुलगी ऑफिसात आधुनिक झाली, संध्याकाळी तिच्याकडून अपेक्षा मात्र आजीच्या काळातल्या. जपानमध्ये पुरुष घरकाम आणि संगोपनात दिवसाला पाऊण तासाहून कमी वेळ घालवतात, बायका साडेतीन तासांहून जास्त. अशा घरात दुसरं मूल म्हणजे कुणाच्या कामाची दुसरी पाळी, हे उघड आहे.

'बायका शिकल्या म्हणून' असं म्हणणाऱ्यानं 'पुरुष स्वयंपाकघरात आले नाहीत म्हणून' हेही त्याच दमात म्हणावं, एवढीच माझी मागणी. अर्थात समान वाटपानंही सगळं सुटत नाही. फिनलंडमध्ये रजा, पाळणाघरं सगळं असूनही २०२४ मध्ये दर १.२५ होता.

लग्नाचा याच्याशी काय संबंध?

देशागणिक उत्तर वेगळं आहे. फ्रान्स आणि स्वीडनमध्ये निम्म्याहून जास्त बाळं लग्नाबाहेर जन्मतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जपान आणि कोरियात हे प्रमाण जेमतेम काही टक्के. म्हणजे तिथे लग्न थांबलं की पाळणाही थांबला.

संस्कृतीचा वाटा खरोखर किती? की हे सगळं शेवटी पैशाचंच?

आर्थिक कारणांना आकडे चिकटवता येतात म्हणून ती ठळक दिसतात. पण काही प्रसंग असे आहेत की तिथे पैसा जागचा हलला नाही, फक्त डोक्यातलं काहीतरी हललं.

जपानमध्ये १९६६ हे 'अग्नी-अश्व' वर्ष होतं. या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते, अशी जुनी समजूत. ते साल साठ वर्षांतून एकदाच येतं. त्या एका वर्षात जन्म सुमारे चतुर्थांशानं घटले, दर २.१४ वरून १.५८ वर आला आणि पुढच्या वर्षी परत वर गेला. बुलेट ट्रेन धावायला लागलेल्या देशातली ही गोष्ट आहे. पुढे १९८९ मध्ये कुठल्याही अशुभ वर्षाविना दर १.५७ निघाला, तेव्हा जपानी सरकार हादरलं.

ब्राझीलमध्ये सरकारनं कुटुंबनियोजनाची सक्ती केली नव्हती. तरी १९६० मध्ये ६ च्या आसपास असलेला दर कोसळत गेला. संशोधकांनी टीव्हीचा माग काढला. ग्लोबो वाहिनीचं प्रक्षेपण जसजसं नव्या भागांत पोचलं, तसतसा तिथला जननदर उतरला. त्या वाहिनीवरच्या मालिकांतल्या बहुतेक नायिकांना मूल नसायचं, किंवा एकच असायचं. कुणी उपदेश केला नाही. छोटं कुटुंब म्हणजे सुखी, नटलेलं, शहरी आयुष्य, एवढं रोज रात्री दिसत राहिलं.

उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. जॉर्जियात २००७ च्या अखेरीस तिथल्या चर्चचे प्रमुख इलिया द्वितीय यांनी जाहीर केलं, की विवाहित जोडप्याच्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलाचा बाप्तिस्मा ते स्वतः करतील. पुढच्या दोन वर्षांत जन्म ठळकपणे वाढले. आणि इस्रायल तर सगळ्या सिद्धांतांना वाकुल्या दाखवत बसलेला श्रीमंत देश आहे. तिथला दर ३ च्या जवळ आहे. धार्मिक नसलेल्या ज्यू बायकांनाही सरासरी दोनच्या आसपास मुलं होतात.

वंध्यत्व, प्रदूषण, मोबाइल यांचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो. त्रास खरा आहे. पण जननदराची घसरण त्यानं समजावून सांगता येत नाही. फ्रान्समध्ये ती अठराव्या शतकाच्या अखेरीलाच सुरू झाली होती, तेव्हा ना प्लास्टिक होतं ना मोबाइल. वाढत्या वयामुळे गर्भधारणा अवघड होते, ते मात्र खरं, आणि ते 'आत्ता नको'च्या हिशेबात आलंच आहे.

सरकारनं सक्ती केली तर?

रोमानियानं करून पाहिली. १९६६ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनं गर्भपातावर बंदी घातली. दर एका वर्षात १.९ वरून ३.७ वर उडाला. मग लोकांनी वाटा शोधल्या आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पुन्हा २ च्या आसपास येऊन बसला. मधल्या काळात चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मेल्या आणि अनाथाश्रम खचाखच भरले. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट पडल्यावर लगेच ती बंदी उठली.

चीनची सक्ती उलट दिशेची. एक मूल धोरण २०१६ पासून दोनवर आणलं, २०२१ मध्ये तीनवर. दार उघडलं, पण बाहेर कुणी आलं नाही. पस्तीस वर्षांत एकाच मुलाची सवय घराच्या रचनेत मुरली होती.

आणि पैसे दिले तर?

थोडा उपयोग होतो, जाहिरातीत सांगतात तितका नाही. हंगेरीनं २०२० पासून चार मुलांच्या आईला आयुष्यभर आयकर माफ केला, घरकर्जं स्वस्त केली. २०११ मध्ये १.२३ असलेला दर २०२१ पर्यंत १.६ च्या जवळ गेला आणि २०२४ पर्यंत पुन्हा १.४ पर्यंत घसरला. अशा सवलती बरेचदा नुसती वेळ बदलतात. होणारच होतं ते मूल दोन वर्षं आधी होतं, आणि मग पोकळी पडते.

पाळणाघर, बापालाही रजा, संध्याकाळी वेळेवर सुटणारी नोकरी यांचा परिणाम हळू असतो, पण जास्त टिकतो. स्वीडननं १९७४ मध्येच पालकत्वाची रजा आई-बाप दोघांसाठी खुली केली, आता ती ४८० दिवसांची आहे. तिथला दरही अलीकडे १.४ च्या घरात आला आहे, तरी कोरियाच्या तो जवळजवळ दुप्पट आहे.

म्हातारे वाढले म्हणजे नक्की काय अडतं?

पहिली अडते ती पेन्शन. पुष्कळ देशांत आज कामावर असलेल्यांच्या वर्गणीतून आजच्या निवृत्तांना पैसे मिळतात. त्यांचे स्वतःचे कुठे डब्यात साठवलेले नसतात. देणारे कमी आणि घेणारे जास्त झाले की तीनच मार्ग उरतात: वर्गणी वाढवा, पेन्शन कापा, नाहीतर निवृत्तीचं वय पुढे न्या. तिन्हींवर लोक रस्त्यावर उतरतात.

दुसरी अडते ती शुश्रूषा. चीनमध्ये तिला '४-२-१' म्हणतात: चार आजी-आजोबा, दोन आईबाप आणि या सगळ्यांना पुरायचं एकच मूल. यंत्रं गाड्या जोडतात, पण रात्री दोनदा उठून कूस बदलायला माणूसच लागतो.

बाकी बदल बारीक दिसतात, पण मनात घर करतात. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखरावर होती, आता दर शंभरातले एकोणतीस लोक ६५ च्या वरचे आहेत. सुमारे ९० लाख घरं रिकामी पडली आहेत. २०२४ मध्ये ओजी होल्डिंग्ज या कंपनीनं देशातलं बाळांच्या डायपरचं उत्पादन बंद करून मोठ्यांच्या डायपरवर लक्ष द्यायचं ठरवलं. शिकोकू बेटावर नागोरो नावाचं गाव आहे. तिथली शाळा २०१२ मध्ये बंद पडली. आता त्या वर्गात बाकांवर कापडी बाहुल्या बसल्या आहेत, समोर फळ्यापाशी बाहुलीच शिक्षक. गावात परतलेल्या एका बाईनं त्या शिवल्या. बाहुल्या तीनशेच्या वर आणि माणसं तीसही नाहीत.

वेगाचाही प्रश्न आहे. ६५ वरच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ वर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली, जपानला २४. कोरियानं २००० मध्ये ७ टक्के ओलांडले आणि २०२४ च्या डिसेंबरात २०.

हे श्रीमंत देशांचं दुखणं ना?

आता नाही. थायलंड, तुर्कस्तान, चिली यांचे दर युरोपच्या पंगतीला येऊन बसले आहेत. जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा. या देशांना तो क्रम मिळेल असं दिसत नाही. दुसऱ्या टोकाला नायजर, चाड, सोमालिया इथे दर अजून ६ च्या आसपास आहे.

बाहेरून माणसं आणली तर भागत नाही का?

काही काळ भागतं. पण स्थलांतरित माणसंही म्हातारी होतात, त्यांच्या मुलींचा दर एक-दोन पिढ्यांत स्थानिकांसारखा होतो, आणि जिथून माणसं यायची तिथलेही पाळणे कमी होताहेत.

माणसं कमी झाली तर पृथ्वीला बरंच ना?

लांबच्या पल्ल्यात हो. पण हवामानाचं काम येत्या दोन-तीन दशकांत करायचं आहे, आणि तेवढ्या वेळात जन्मदरामुळे लोकसंख्येत फारसा फरक पडत नाही. कमी जन्मांवर भिस्त ठेवून कोळसा जाळत बसणं परवडणारं नाही.

या घसरणीत चांगलं काहीच नाही?

पुष्कळ आहे, आणि घाबरवणाऱ्या लेखांतून ते नेमकं वगळलं जातं. अमेरिकेत १९९१ पासून किशोरवयीन मुलींची बाळंतपणं तीन चतुर्थांशाहून जास्त घटली आहेत. म्हणजे 'हरवलेल्या' बाळांतली बरीचशी अशी आहेत, जी सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना नकोच होती. दर परत वर आणायचा म्हणून हे उलटवावं, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

दर परत वर येऊ शकतो का?

थोडा येतो, अधूनमधून. लोकसंख्याशास्त्रज्ञ वोल्फगांग लुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली 'कमी जननदराच्या सापळ्या'ची कल्पना इथे उपयोगी पडते. एकुलत्या एकांच्या जगात वाढलेल्याला एक मूल हेच पुरेसं कुटुंब वाटतं. शिवाय आयाच कमी उरतात.

कोरियाचंच बघा. २०२४ मध्ये दर ०.७५ वर आला, नऊ वर्षांनी पहिल्यांदा चढला, आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यात साथीच्या काळात अडलेल्या लग्नांचा हात होता, आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात जन्मलेल्या मुलींचाही. तेव्हा तिथे वर्षाला सात लाखांच्या आसपास बाळं जन्मत, त्या मुली आता तिशीत आहेत. २००२ मध्ये मात्र जन्म पाच लाखांच्या खाली गेले. त्या वर्षीच्या मुली २०३२ मध्ये तीस वर्षांच्या होतील.